गोजरानं उचललेलं लेकरू

धनज गावात गोजराबाईचं घर विचारत कोणी आलं, की माणसं आधी त्याच्या बैलगाडीत डोकावून पाहत. गाडीत कडब्यावर वाकळ टाकून कण्हणारी बाई निजलेली असली, की वाट सांगायच्या भानगडीत कोणी पडत नसे. सरळ कासरा धरून गाडी ओढ्याच्या अंगाला वळवून देत. ओढ्याकाठी वांग्यांची अन् मेथीची बाडी, बाडीला लागून पांढऱ्या मातीनं पोतरलेलं घर, आणि घराच्या मागच्या बाजूला ती एक खोली. खोलीत दोन बाजा, एक चूल, आणि एक खिडकी. त्या खिडकीवरून गावात जेवढं बोलणं झालं तेवढं तर पाटलाच्या भाऊबंदकीवरूनही झालं नसेल.

गोजरा जातीची माळीण. लग्न होऊन आली तेव्हा सासू मोतीबाई गावची सूईण होती, आणि नवरा जगदेव भाजीचं गाठोडं घेऊन कामरगावच्या बाजाराला जाई. मानमोडीच्या साथीच्या साली घरोघरी माणसं पटापट गेली, त्यात जगदेवही गेला. गोजराच्या पोटी काही नव्हतं. घरात उरल्या दोघी, म्हातारी रांडमुंड आणि तरणी रांडमुंड. गोजरा कोपऱ्यात तोंड घालून बसली होती. मोतीबाईनं पोटचा पोरगा गमावला होता, पण ती बाईच वेगळ्या मातीची. म्हणाली, "रडून झालं असंन तं हात धुऊन ये. गुजराच्या सुनेचं पोट दुखून राह्यलं. मले एकटीले उरकत नाही आता."

गोजरा हात धुऊन गेली ती कायमचीच. सासूची नजर मंद होत गेली तशी सूनच सगळं पाहू लागली. पुढं सरकारनं गावोगावच्या सुइणींना अकोल्याला बोलावून शिकवलं, त्यात ही गेली. परत आली ती एक पत्र्याची पेटी आणि एक हट्ट घेऊन. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी पाहिजे म्हणे! मोतीबाईनं कपाळावर हात मारला. "ठेव खिडकी. अन् वारं लागून एखादी गेली तं लोक तुह्याच नावानं बोंबलतीन."

कोणी गेली नाही. उलट गाड्या वाढल्या. आपल्याकडचा दंडक असा की पहिलं बाळंतपण माहेरी. पण जिची माय मेली, भावजय उभं करत नाही, तिनं कुठं जावं? अशा पोरी गोजराकडं येत. बारशापर्यंत राहत, ओवा-शेपाची धुरी घेत, डिंकाचे लाडू खात, आपल्या मेलेल्या मायच्या गोष्टी सांगत रडत. मग सासरची गाडी येई. पोरगी लेकरू घेऊन गाडीत बसे, वळणापर्यंत हात हलवी, आणि वळणापुढं तिला बाळाच्या टोपऱ्यापलीकडं काही दिसत नसे. तिचा दोष नाही. लेकुरवाळीचं असंच असतं.

दोष द्यायचा तर दुसऱ्या गोष्टीला द्यावा. बारशाला गोजराला बोलावणं नसे. रांडमुंड बाई पाळण्याच्या दोरीला कशी हात लावणार? ज्या हातांनी लेकरू जगात आणलं ते हात चालले, पण पाळण्याला चालेनात! काय म्हणावं या अकलेला! गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. सकाळी गाव कामाला निघताना गोजरा समोरून आली तर माणसं चप्पल शोधायच्या निमित्तानं परत घरात वळत. त्यातली निम्मी तिच्याच हातावर जन्मलेली. मोतीबाई होती तोवर दोघी मिळून गावाला शिव्या तरी देत. मोतीबाई गेल्यावर शिव्या द्यायलाही जोडीदार उरली नाही. बाजा भरलेल्या असल्या की घर गजबजलेलं, आणि रिकाम्या झाल्या की गोजरा चुलीपुढं बसून एका भाकरीचं पीठ मळे. एका माणसाचा सैपाक करण्याइतकं कंटाळवाणं काम जगात नाही.

अशात रंगरावाच्या सीताबाईचं झालं.

रंगराव गावातला खाऊनपिऊन सुखी कुणबी. बायको सीताबाई गरीब गाय. पण तिची लेकरं जगत नव्हती. एक झालं, गेलं. दुसरं झालं, तेही गेलं. तिसरं तर पाचवी पुजायच्या आतच गेलं. तिची सासू रामीबाई म्हणजे घरातला फौजदार. चौथ्या वेळेला दिवस भरत आले तसं रामीबाईनं ठरवलं, हे लेकरू उकंड्यावर टाकायचं.

नव्या पोरांना हे सांगून खरं वाटत नाही, पण आपल्याकडं जितके उकंडराव आहेत ते काही हौसेनं नाव ठेवून झालेले नाहीत. ज्या घरात लेकरं वाचत नाहीत तिथं नवं लेकरू सुपात घालून शेणाच्या उकंड्यावर ठेवायचं. सटवाईला वाटावं, हे नकोसं आहे, फेकून दिलेलं आहे. नकोशाला कोण कशाला नेईल? मग जिची लेकरं जगतात अशी एखादी बाई येऊन ते उचलते. उचललं त्याक्षणी लेकरू तिचं. खरी माय तिला सूपभर कोंडा देते आणि लेकरू सांभाळायला म्हणून घेऊन जाते. पाचव्या वर्षी जावळ निघेपर्यंत त्याला "माझं" म्हणायचं नाही.

उचलायला पंचफुला ठरली होती. तिच्या घरात पोरांचा बाजार भरलेला, आणि शिंकेपलीकडं कोणाला कधी काही झालेलं नव्हतं. बाळंतपण गोजराच्या खोलीत झालं. पोरगा झाला. पौषातली सकाळ, बाडीमागच्या उकंड्यातून वाफा निघत होत्या. रामीबाईनं लेकराला फाटक्या धोतरात गुंडाळून सुपात ठेवलं, गोजरानं सूप नेऊन उकंड्यावर ठेवलं. आणि रितीप्रमाणं रामीबाई, रंगराव, गोजरा सगळे पाठ करून उभे राहिले. टाकणाऱ्यानं मागं पाहायचं नसतं. पाहिलं तर सटवाईला कळतं की यांचा जीव आहे त्याच्यावर.

आता पंचफुलाचं ऐका. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते खोटं नाही. बाई वेळेवर घरातून निघाली होती. दारातच समोरून एकजण रिकामी घागर घेऊन विहिरीवर चाललेली. अपशकुन! एवढ्या जोखमीच्या कामाला निघालेली बाई, रिकाम्या घागरीवरून कशी जाईल? परत घरात गेली, देवापुढं बसली, तोंडात गुळाचा खडा टाकला आणि पुन्हा निघाली. तर तीच बाई परत येत होती, आणि घागर तशीच रिकामी. विहिरीचा दोर तुटला होता म्हणे. पंचफुला पुन्हा घरात. तिच्या मनात खोट नव्हती, उलट फार काळजीनं वागत होती बिचारी.

इकडं उकंड्यावर लेकरू टाहो फोडत होतं. रामीबाई दात-ओठ आवळून पुटपुटत होती, "येऊन राह्यली असंन पंचफुला. मांगं पाहू नोका कोनी." गोजरा निश्चिंत उभी होती, कारण रडणाऱ्या लेकराची सुइणीला भीती नसते. रडतंय म्हणजे छाती चालली आहे.

मग लेकरू गप झालं.

एकदम गप. रामीबाईला वाटलं निजलं. गोजराला माहीत होतं, तसल्या थंडीत नुकतं जन्मलेलं लेकरू असं निजत नाही. तिनं रीत-भात काही पाहिली नाही. वळली, धावत गेली आणि सुपातून त्याला उचललं. ओठ निळे पडले होते. तिनं त्याला चोळीच्या आत उराशी धरलं, तळव्यांना चापट्या मारल्या, पाठ चोळली, तोंडावर फुंकर घातली. बराच वेळ काही नाही. आणि मग एक ठसका आणि टाहो.

"अवं हे काय केलं वं रांडे!" रामीबाई किंचाळली. "तू कायले उचललं?"

"मरून राह्यलं होतं."

"अवं पन तूच टाकलं, अन् तूच उचललं! तेही बिगर लेकराची, बिगर नवऱ्याची! वाटोळं केलं माह्या घराचं!"

तेवढ्यात पंचफुला धापा टाकत आली. तोंडात गुळाचा खडा तसाच. म्हणते, "कुठी हाये लेकरू?"

भांडण सटवाईच्या ठाण्यावर दिवा लावणाऱ्या नानाजीपुढं गेलं. म्हातारा बराच वेळ चिलीम ओढत बसला. रामीबाईचं म्हणणं, लेकरू परत उकंड्यावर ठेवू आणि पंचफुलाला उचलायला लावू. नानाजी खवळला. "सटवाई काय आंधळी हाये का बाई? उचललं त्याचं. आता जावळ निघेपर्यंत ते गोजराचं. सकाळचा पयला घास तिच्या घरचा, अंगावरचं कापड तिच्या हातचं, अन् माय मनंन तं तिलेच. खोट केली तं मी जबाबदार नाही."

रंगराव म्हणाला, "मान्य."

मग गोजरानं सूपभर कोंडा घेतला आणि लेकरू सीताबाईच्या ओटीत ठेवलं. रितीचं वाक्य तिला म्हणावं लागलं, "बाई, हे लेकरू माहं हाये, तू सांभाळ." म्हणताना तिला मोठं अवघडल्यासारखं झालं. पण सगळे गेल्यावर चुलीपुढं बसून तिनं ते वाक्य पुन्हा एकदा हळूच म्हणून पाहिलं. अख्खं नाही. नुसतं "माहं हाये" एवढंच.

लेकराचं नाव उकंडा पडलं. ते जगलं. पाचवी झाली, दात आले, गोवर आला आणि गेला, पोट्टं टुणटुणीत.

पुढची ती वर्षं गोजरा एकटी नव्हती. हे सरळ सांगून टाकलेलं बरं. उकंडा चालायला लागल्यापासून सकाळी उठला की डोळे चोळत रंगरावाच्या घरून निघे आणि बाडीच्या फाटकातूनच ओरडे, "मायऽऽ, भाकर!" आतून गोजराचा आवाज येई, "ओऽऽ!" कितीही कामात असो, एखादीच्या कळा का चाललेल्या असेनात, ती "ओ" आधी जाई. भाकरीचा पहिला तुकडा त्याच्या तोंडात गेला की रीत संपली, त्यानं घरी जायला हरकत नव्हती. पण तो कसला जातो! दिवसभर बाडीत. पाण्याच्या दांडात बसून चिखल कालव, कोवळी भेंडी तोडून कच्चीच खा, वांग्याच्या काट्यानं रड. खोलीत नवं लेकरू आलं की बाजेशी उभा राहून विचारी, "माय, हे बी उकंड्यावरचं हाये का वं?" बाळंतिणी पोट दुखेपर्यंत हसत. गोजरानं जुन्या लुगड्यांची त्याच्यासाठी इतकी झबली शिवली की पंचफुला म्हणे, "पोराले शिवून राह्यली की बाजारात दुकान टाकून राह्यली?"

आणि सीताबाई? तिला तो "वैनी" म्हणे. घरातले दीर वैनी म्हणत, तेच त्याच्या तोंडात बसवलं होतं. "वैनी, पानी दे." "वैनी, निजू दे." रात्री तिच्याच कुशीत निजे, पण हाक तीच. बाई तोंडानं काही बोलली नाही. सासूच्या राज्यात बोलायची सवयच नव्हती तिला.

जावळाची वेळ जवळ आली तेव्हा मात्र एका दुपारी ती एकटी बाडीत आली. गोजरा मेथी खुडत होती. सीताबाई वाफ्याच्या कडेला बसली आणि बराच वेळ मेथीची काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "गोजरे, म्या त्याले पोटात वागवलं. अंगावर पाजलं. अन् त्यानं मले एक डाव बी माय मनलं नाही."

गोजराचा हात मेथीवर चालतच राहिला.

"तू वाचवलं त्याले, मी इसरली नाही. पन आता माही पाळी येऊ दे वं. तुह्या पायावर डोकं ठेवते."

"डोकं कायले ठेवतं," गोजरा म्हणाली. "तुहंच हाये ते."

असं म्हणायला काय लागतं! पण मग नानाजीनं जावळाची रीत सांगितली. ठाण्यावर पोराला तीनदा विचारायचं, कोणाचा तू? त्यानं जन्म देणारीचं नाव घेतलं पाहिजे. गोजराचं घेतलं तर एवढ्या वर्षांची राखण फुकट, सटवाई पोर नेते. नेते म्हणजे नेते, गावात कोणाला शंका नव्हती, गोजरालाही नव्हती. आणि जावळानंतर दोन्ही उंबऱ्यांचा संबंध तोडायचा. जाणं नाही, येणं नाही, घास नाही, हाक नाही.

ज्या पोराला फाटकातून "माय" म्हणून ओरडायची सवय, त्याच्या तोंडून ते ठाण्यावर निघालं तर? त्याचा जीव आणि सीताबाईची पाळी, दोन्ही त्या एका शब्दावर. तो शब्द त्याच्या तोंडून काढायचा कोणी? रामीबाईनं मारून पाहिलं, तसा तो अधिकच घट्ट बसला. शेवटी काम सुइणीच्याच गळ्यात आलं.

गोजरानं आधी खेळ केला. "कोनाचा रे तू?" "तुहा!" "नाही. सीताबाईचा मन, मंग गूळ." तो गूळ खाई आणि गळ्यात पडून म्हणे, "तुहाच!" तिलाही हसू येई आणि रात्री झोप लागत नसे. मग तिनं दुसरा उपाय केला. उपाय म्हणायचा की काय म्हणायचं, देव जाणे. तिनं ओ देणं बंद केलं.

सकाळी फाटकातून हाक आली, "मायऽऽ, भाकर!" गोजरा आत पाट्यावर वरवंट्यानं शेपा कुटत होती. कुटत राहिली. "माय!" कुटत राहिली. "मायऽ वं, ओ दे ना!" खोलीत कामरगावची एक ओली बाळंतीण होती, तिला राहवेना. "अवं मावशी, लेकरू बोलावून राह्यलं. ओ द्या ना."

"तू नीज गुमान," गोजरा तिच्यावर खेकसली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या बाळंतिणीवर खेकसली असेल.

पोरगं थकून चूप झालं, आत आलं, तेव्हा तिनं भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात घातला. पाहिलं नाही, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तो आधी रागावला, मग तिच्या पदराला झोंबला, मग फाटकावर डोकं टेकवून रडला. दगडालाही पाझर फुटावा असं रडला. गोजराच्या हातातला वरवंटा थांबला नाही. वरवंटा कशावर चालला होता हे तिलाही सांगता आलं नसतं, पाट्यावरचा शेपा कधीच संपला होता. आणि मग एके सकाळी हाक आलीच नाही. पोरगं मुकाट येऊन चुलीशी बसलं आणि तोंड उघडून घासाची वाट पाहू लागलं. काम फत्ते झालं होतं. गोजरानं त्याला घास दिला, मागच्या दारी गेली आणि उकंड्याकडं तोंड करून पोटभर रडून घेतलं.

जावळाच्या दिवशी ठाण्यावर अख्खा गाव. गुळगुळीत डोक्याचा उकंडा मधोमध उभा. नानाजीनं विचारलं, "कोनाचा रे तू?"

रंगरावाचा जीव टांगणीला लागला. सीताबाईनं डोळे मिटून घेतले. पोरानं गोजराकडं पाहिलं. ती ओढ्यापलीकडच्या निंबाकडं पाहत होती, जसं काही त्या निंबावर कधी न पाहिलेलं पाखरू बसलं होतं.

"वैनीचा," तो म्हणाला. "सीतावैनीचा."

लोक खळखळून हसले. तीनदा विचारलं, तीनदा त्यानं तेच सांगितलं. नानाजी म्हणाला, चालते, नाव तं बरोबर घेतलं. मग त्यानं गोजराकडं वळून विचारलं, "बाई, हे लेकरू तुहं का?"

"नाही," गोजरा म्हणाली. "नाही. नाही."

लुगडं-चोळी दिली तिला. ती घरी आली. त्या दिवशी नेमक्या दोन्ही बाजा रिकाम्या होत्या. सकाळी उठून तिनं सवयीनं भाकरीचा तुकडा मोडला, आणि मग तो गाईला नेऊन घातला. पुढं बरेच दिवस गाईची चंगळ झाली.

उकंडा मोठा झाला. कारंज्याला शिकायला गेला, परत येऊन शेती पाहू लागला, उकंडराव झाला. रस्त्यात गोजरा दिसली की तो मान खाली घालून बाजूनं निघून जाई. रीत होती आणि तोही ती पाळत होता. तिला वाटे, विसरला. बरं झालं विसरला. एवढंसं होतं ते, काय लक्षात राहणार? असं ती स्वतःला सांगे. रिसोडकडची बायको केली त्यानं. वरातीच्या वेळी गोजरा बाडीच्या कुडाआडून उभी राहून पाहत होती, आपल्या पायानं पोराला अपशकुन नको म्हणून. त्याची बायको पहिलटकरीण झाली तेव्हा रितीप्रमाणं माहेरी रिसोडला गेली. त्याचं लेकरू कोणत्या सुइणीनं काढलं कोण जाणे. इथं एवढी गावची लेकरं हातातून गेली, आणि जे एक घ्यायला मन आसुसलं ते नेमकं दुसरीच्या हातात. गोजराला हे फार लागलं. तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं कोणी नव्हतं.

तिची कंबर वाकली, गाड्या कमी झाल्या. कारंज्याला दवाखाना झाला होता, लोक मोटारीनं तिकडं जाऊ लागले होते. एका दुपारी पंचफुला काठी टेकत आली. "गोजरे, चाल. सीताबाई जाते का राह्यते असं होऊन राह्यलं. तुले बोलावून राह्यली."

"त्या उंबऱ्यावर मी कशी येऊ?"

"नानाजी मेला, रामीबाई मेली. आता कोन इचारते?"

सीताबाई तापानं नुसती काडी झाली होती. माजघरात बाजेवर पडली होती. गोजराला पाहून तिनं सगळ्यांना बाहेर घालवलं. गोजरा बाजेच्या कडेला टेकली. मग सीताबाई म्हणाली, "गोजरे, म्या तुह्याजवळून पाळी मांगतली होती. याद हाये?"

"हाये."

"ते पाळी आलीच नाही वं. आजपर्यंत वैनीच मनते तो मले. चांगला हाये, औषध आनते, पाय चेपते. पन मनते वैनी. म्या कितीक डाव सांगतलं. हसते, अन् उठून जाते."

एवढी वर्षं गोजरानं एकाच समाधानावर काढली होती, की आपण दिलं ते सीताबाईला तरी मिळालं. ते पोरगं रात्री निजताना कोणाला तरी माय म्हणत असेल. ती उठली आणि ओसरीवर गेली. उकंडराव खांबाला टेकून बसला होता. जावळापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"बापू," ती म्हणाली, "आत चाल. तुह्या मायले माय मन एक डाव."

त्यानं मान वर केली. चांगला मिशीवाला बाप्या, पण लहान पोरासारखा रुसून बोलला. "मनत होतो ना मी," तो म्हणाला. "फाटकात उभा राहून मनत होतो. तू ओ देल्ली नाही. मी मनलं, माहंच काही चुकलं असंन. मंग म्या कोनालेच मनलं नाही."

विसरला नव्हता तो. गोजरानं खांब धरला. किती सांगायचं होतं! वरवंट्याचं, गाईचं, कुडाआडून पाहिलेल्या वरातीचं. पण आत एक बाई मरत होती, आणि सुइणीला एवढं कळतं की अशा वेळी आपलं दुखणं काढून बसायचं नसतं. "तुहं काही चुकलं नाही, बापू," ती म्हणाली. "माहाच हात दगडाखाली होता. तिले वेळ नाही आता. चाल."

तिनं त्याचा हात धरून त्याला आत आणलं आणि बाजेशी बसवलं. सीताबाईचे डोळे मिटलेले होते. गोजरानं त्याचा हात तिच्या हातात दिला आणि स्वतः उशाशी उभी राहिली. मग त्यानं वर पाहिलं, सरळ गोजराच्या डोळ्यात, आणि म्हणाला, "माय."

"ओ, बापू," सीताबाई म्हणाली. डोळे न उघडताच म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की गोजरानं तो तेवढा उजळ कधी पाहिला नव्हता.

"माय," तो पुन्हा म्हणाला. नजर तिथंच.

"ओ," सीताबाई म्हणाली.

गोजराच्याही ओठापर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि खाली वाकून सीताबाईला पाणी पाजलं.